बुधवारचं पाणी

बुधवारी पावणेदहाला मी जिना चढलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यापासूनच रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. मी नळकाम करतो. तीस वर्षं लोकांच्या गळत्या बुजवतोय, गुडघे कामातून गेलेत, त्यामुळे चमत्कारासाठी तीन जिने चढायची हौस मला नव्हती. खालच्या शिंप्याने बोलावलं म्हणून आलो. त्याच्या छताला ओल आली होती आणि गिऱ्हाइकाचा नवा कोट भिजून वाया गेला होता.

वर राहायच्या काकू आणि त्यांची मुलगी. काका दोन महिन्यांपूर्वी गेले. मागे राहिली त्यांनी स्वतः बांधलेली माशांची मोठी काचपेटी. वर पेटी, खालच्या कपाटात लहान टाकी. पाणी वरून खाली उतरायचं, मोटर ते नळीने पुन्हा वर चढवायची. आता मात्र दर बुधवारी दहाला वीज जायची, मोटर थांबायची, आणि तरी पाणी वाहत राहायचं. कपाटातून थेट फरशीवर.

पहिल्यांदा काकू घाबरल्या. मग कुणीतरी एका बुवाला घेऊन आलं. बुवाने काचेला कान लावून सांगितलं, की काका पाण्यातून बोलताहेत, हेच पाणी प्या आणि औषधांचं विष सोडा. काकूंनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. त्याला तीन आठवडे झाले होते.

"आईचे पाय सुजलेत," मुलगी मला दारातच हळू आवाजात म्हणाली. "चार पावलं चालली की धाप लागते. डॉक्टरांचं नाव काढलं की ती बुवाकडे बघते."

दहाला दोन मिनिटं असताना बुवा उभा राहिला. जिथे विजेचं काम संपतं तिथे आत्म्याचं सुरू होतं, पाणी फक्त आतून कोरड्या झालेल्याचं ऐकतं, असं बरंच काही म्हणाला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. लोक मात्र माना डोलवत होते. त्याने हात वर केला आणि वीज गेली. बुधवारी दहा ते बारा दुरुस्तीसाठी वीज बंद, असा कागद खाली जिन्यापाशी चिकटवलेला होता. सगळे त्याच्या शेजारूनच वर आले होते. कपाटाखालून पाणी आलं आणि रांग बाटल्या घेऊन वाकली.

वाद घालायचा मला आता कंटाळा येतो. मी बारापर्यंत स्टुलावर बसून राहिलो. वीज आली, गर्दी पांगली, मुलीने पेटी पुन्हा भरली. मग मी बुवाला हात खिशात ठेवायला सांगितलं आणि मोटरचं बटण बंद केलं. पाणी तस्सं आलं. बुवा म्हणाला, आत्मा अजून जागा आहे.

मी वरच्या नळीकडे हात नेला. तिच्यावर शेवाळाचा जाड थर होता. काकूंनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका. ते गेल्यापासून मी पेटीला फडकं लावलेलं नाही. त्यांचा हात लागलाय तिला."

मला वाईट वाटलं. पण कारण तिथेच होतं. मी त्यांना समजावून सांगितलं. नळीचं तोंड पाण्यात खोल असतं. मोटर थांबली की त्याच नळीतून पाणी उलटं खाली ओढलं जातं, आणि खालची टाकी भरून वाहते. ते थांबावं म्हणून नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक बारीक भोक असतं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. इथे भोक शेवाळाने बुजलं होतं.

काकूंनी बराच वेळ नळीकडे पाहिलं. मग आतून सुई आणली आणि मी दाखवलं तिथे स्वतःच टोचली. मुलीने मोटर चालू करून पेटी परत काठोकाठ भरली. मी बटण बंद केलं. पाणी बोटभर उतरलं, नळीत हवा गुरगुरली आणि सगळं थांबलं. फरशीवर थेंब नाही.

नास्तिकाचा हात लागला, म्हणून आत्मा रुसला, असं बुवा म्हणाला. हात काकूंचा लागला होता. ते त्याच्याही लक्षात आलं आणि तो चपला शोधू लागला.

"म्हणजे ते बोलत नव्हते," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू. पण हे भोक नळीला आयतं येत नाही. ते काकांनी पाडलंय. वीज गेली तर तुमच्या घरात पाणी होऊ नये म्हणून."

काकू रडल्या. मग डोळे पुसून मुलीला म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन लाव. गोळ्या बंद होत्या हेही सांग."

मला पुढची गळती बघायला जायचं होतं. तुम्हाला एवढंच सांगतो, कारण हे सांगून मी थकलोय तरी सांगावंच लागतं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी बटण बंद करून बघा. आणि गोळी सोडायची असेल, तर ती ज्याने लिहून दिली त्यालाच विचारा.