या, बसा

ठोंब्याला दादाने आणलं तेव्हा तो बुटाच्या खोक्यात मावत होता. "चिमे, याला लाडावून ठेवू नकोस," दादाने धाकट्या बहिणीला बजावलं. "दारात कोणी आलं की हा भुंकला पाहिजे. तुझा नवरा आज ना उद्या पत्ता काढणारच." नवऱ्याने पिरगाळून मोडलेलं चिमीचं मनगट तेव्हा नुकतंच प्लास्टरमधून सुटलं होतं. त्याच मनगटाच्या जोरावर तिला आता शिलाईचं मशीन चालवून पोट भरायचं होतं.

वर्षभरात ठोंब्या वासराएवढा झाला, आणि भुंकण्यात त्याने कसलीच कसर ठेवली नाही. बेल वाजली की अख्खा जिना दणाणायचा. वरचे काका, खालच्या काकू दार उघडून बाहेर यायचे आणि कुत्र्यासकट मालकिणीचा उद्धार करून आत जायचे. पण गिऱ्हाइकांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? पँट आखूड करायला आलेला माणूस दारातच आखूड होऊन परत फिरायचा. शाळेच्या बाईंच्या तर ठोंब्याने खांद्यावर पाय टाकले आणि त्यांचं पडद्याचं कोरं कापड ओढत पलंगाखाली नेलं. बाई चिडल्या नाहीत, त्यामुळे चिमीला जास्तच लाज वाटली.

"अगं, माझ्या हाताखाली कितीतरी कार्टी सरळ झालीत, हा कोण लागून गेलाय?" बाई म्हणाल्या. "त्याला दोनच शब्द शिकव. पण एका आवाजात, आणि ऐकलं की लगेच खाऊ."

बस आणि सोड, असे दोन शब्द ठरले. शाळा सुटली की बाई यायच्या, बेल वाजवून आत शिरायच्या, बाहेर जाऊन परत वाजवायच्या. चिमी मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन "बस!" म्हणून ओरडायची. त्याने तोंडात चिंधी धरली की "सोड!" दोघींच्या नाकी नऊ आले. मग एके दिवशी बाई आत आल्या, चिमी सवयीने म्हणाली, "या, बसा," आणि बाईंच्या आधी ठोंब्याच गोणपाटावर जाऊन बसला. दोघी पोट धरधरून हसल्या. आपल्याला असं हसता येतं हे चिमी पार विसरून गेली होती.

गिऱ्हाइकं परतली, नव्यांना घेऊन आली. ठोंब्या बसायचा, पंजा द्यायचा, बिस्कीट घ्यायचा. जिना शांत झाला. दर वेळी मशीनवरून कोण उठणार, म्हणून दिवसा दाराला कडी लावणंही सुटलं. दादा आला तेव्हा त्यालाही पंजा मिळाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"याला मी तुझ्यासाठी आणला होता, चिमे. गिऱ्हाइकांसाठी नाही."

"गिऱ्हाइकं नाही आली तर आम्ही दोघांनी खायचं काय, दादा?"

दोघंही बरोबर होती, आणि मला खरा संताप येतो तो याचाच.

नवरा आला तो भर दुपारी. बेल वाजली तेव्हा ती गणवेशाच्या पँटची दुमड शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "या, बसा." ठोंब्या बसला. दार लोटलं गेलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक कधी आतून कडी लावत नाही. तिने वर पाहिलं.

"बस्तान चांगलं बसवलंयस की," नवरा म्हणाला. "चल, सामान आवर."

"मी नाही येणार. तुम्ही जा."

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहोच करत आली होती. मार खातानासुद्धा "सोडा हो, पुरे करा हो" म्हणायची. त्याने पुढे होऊन नेमकं तेच मनगट धरलं आणि पिरगाळलं.

ठोंब्या उठला. कोणी शिकवलं नव्हतं, तरी उठला. मानेवरचे केस फुलवून त्याने झेप घेतली आणि नवऱ्याची पोटरी धरली. नवरा किंचाळला. मनगटावरची पकड सैल झाली. त्याला घाबरलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर उसळलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरे-तुरे केलं.

"सोड!" ती ओरडली. "सोड मला! बस! बस झालं!"

त्या घरात अरे-तुरे एकालाच होती. ठोंब्याने पोटरी सोडली. मागे सरून तो आपल्या गोणपाटावर बसला, ताठ, कान टवकारून.

"तू नाही रे! धर! धर त्याला!"

पण 'धर' त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने शेपूट हलवली आणि डब्याकडे पाहिलं.

मग नवऱ्याने तिला मारलं. जिन्यातलं एकही दार उघडलं नाही. कुत्रा भुंकत नव्हता, म्हणजे तिच्याकडे सगळं ठीकच असणार. मारताना तिच्या तोंडून जेव्हा जेव्हा "बस" निघालं, तेव्हा तेव्हा ठोंब्या, बसलेलाच होता तो, आणखी सावरून बसला.

दमल्यावर नवऱ्याने डबा उघडला. एक बिस्कीट ठोंब्यापुढे टाकलं, एक स्वतः खाल्लं. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत टेकून पोटरीला रुमाल बांधत तो म्हणाला, "वळण चांगलं लावलंयस." मग मशीनपुढच्या स्टुलाकडे त्याने बोट दाखवलं.

"बस," तो तिला म्हणाला.

ती बसली.