कोहळ्याच्या जागी

मयुरीनं फोन पुन्हा कोहळ्याला टेकवला. कोहळं पुन्हा लवंडलं.

“बाबा, तुमीच धरा नं. फक्त हलू नका.”

मधुकररावांनी पायजम्याला हात पुसले आणि कोहळ्याच्या जागी जाऊन बसले. केळझरच्या त्या घरात रेंज फक्त याच कोपऱ्यात यायची, वांग्यांच्या क्रेटांमागे. पुण्याच्या कंपनीची मुलाखत तिथंच होणार होती.

वर्ध्याच्या इंग्लिश क्लासचे सर म्हणाले होते, ‘कम्फर्टेबल’ हा शब्द हमखास विचारतात, आठवडाभर घरात वापरा. मयुरीनं वापरला. खाट कम्फर्टेबल होती. नवी चप्पल नव्हती. वासरू उन्हात नॉट कम्फर्टेबल, सावलीत व्हेरी कम्फर्टेबल; त्यानं दोन्ही वाक्यांना मान हलवली.

“म्हंजे काय असते ते?” मधुकररावांनी सोमवारी विचारलं होतं.

“बसल्या जागेवरून उठावंसं नाई वाटत, तसं.”

“मंग पुण्याले काऊन चालली?”

ती नवी चप्पल घालून पुन्हा चालून बघायला लागली. त्यांनीही परत विचारलं नाही. फक्त तेव्हापासून ते घरात कुठंच धड बसत नव्हते. जेवता जेवता उठायचे, मोटर बंद आहे का बघून यायचे. मोटर दिवाळीपासून बिघडलेली होती.

फोन वाजला. पडद्यावर टाय लावलेला माणूस आला. नाव, शिक्षण, छंद. मयुरी न अडखळता बोलत गेली. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, घरापासून लांब राहायला तुम्ही कम्फर्टेबल आहात ना?

मधुकररावांना त्यातला एकच शब्द कळला. फोन थरथरू लागला.

“यस सर. आय अ‍ॅम कम्फर्टेबल.”

तो माणूस पडद्याच्या जवळ आला. चित्र फार हलतंय म्हणाला, फोन स्टँडवर ठेवता येईल का?

मयुरीनं फोनच्या पलीकडं पाहिलं. बाबांनी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट आवळून धरलं होतं आणि ते लवंडलेल्या कोहळ्याकडं बघत होते.

“सॉरी सर,” ती म्हणाली. “स्टँडवरच आहे. स्टँड इज नॉट कम्फर्टेबल.”

मधुकररावांनी मान वर केली. तिच्याकडं बघितलं.

फोन हलायचा थांबला.

मुलाखत संपली, पडदा काळा झाला, तरी फोन त्यांच्या हातात तसाच समोर होता.

“झालं बाबा. उठा आता.”

“बसू दे थोडं,” मधुकरराव म्हणाले.