एर्लिंडाचा थांबा

"दात कमी. अजून थोडे कमी. हां, आता हात जोडा," विलास म्हणाला.

एर्लिंडाने हात जोडले. "कुया, मी प्रार्थनेला उभी आहे असं नाही ना वाटत?"

"इलेक्शनला उभ्या आहात असं वाटतं."

हा फोटो कॅनडात, सस्काटूनमधल्या एका वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांसमोर निघत होता. उमेदवाराचा फोटो हात न जोडताही काढता येतो हे विलास कुंभोजकरला ठाऊकच नव्हतं. निवडणूक म्हटलं की त्याला जयसिंगपूरच्या चौकातला फलक दिसायचा आणि त्यावर हात जोडून उभा असलेला त्याचा काका. एकदा डबा खाताना त्याने सहज सांगितलं होतं, की काका तीनदा नगरपालिकेला उभे होते. तिन्ही वेळा डिपॉझिट गेलं हे त्याने सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. त्या एका वाक्यावर २०१६च्या सप्टेंबरात तो एर्लिंडा मकाराएगचा कॅम्पेन मॅनेजर झाला.

कुया म्हणजे दादा आणि आते म्हणजे ताई. वृद्धाश्रमातले निम्मे कर्मचारी फिलिपिनो, त्यामुळे तिथे सगळेच एकमेकांचे भाऊबहीण होते. चादरी धुता धुता विलासही दादा म्हणून बिनविरोध निवडून आला होता.

भांडण बसचं होतं. सकाळची बस वृद्धाश्रमाच्या फाटकासमोरून जायची. जायची, थांबायची नाही. पूर्वी तिथे थांबा होता. मग महापालिकेने पाहणी केली, तिथे कोणी चढत-उतरत नाही असं आढळलं आणि थांबा काढून टाकला. पाहणी जुलैतल्या एका रविवारी झाली होती. आता बस पुढे मॉलपाशी थांबायची आणि सकाळच्या शिफ्टची माणसं तिथून बर्फातून उलटी चालत यायची. मागच्या हिवाळ्यात एर्लिंडा त्या वाटेवर घसरली आणि तिचा गुडघा कामातून गेला. तिची चाल बघून तिच्याच पेशंट असलेल्या म्हाताऱ्या तिला स्वतःचे वॉकर देऊ करायच्या. मग उशीर होऊ लागला. सुपरवायझरने गोड आवाजात बजावलं, की याही हिवाळ्यात असंच चाललं तर सकाळची शिफ्ट जाईल आणि संध्याकाळची मिळेल. पण संध्याकाळी ती एका हॉटेलात भांडी घासायची. फिलिपिन्सला, इलोइलोमध्ये असलेली आई आणि कॉलेजातला मुलगा त्या दोन नोकऱ्यांवर उभे होते आणि दोन्ही नोकऱ्या एका गुडघ्यावर.

तिने महापालिकेला अर्ज केले. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर आलं. पुन्हा केले, पुन्हा आभार. मग ती म्हणाली, आता आतच जाऊन बसते.

"तुम्ही? मॅनेजर?" विलासची बायको शोभा पोळ्या लाटता लाटता थांबली. "गणपतीची वर्गणी मागायला पाठवलं होतं, तर लोकांना चहा पाजून आलात."

"तोच अनुभव कामाला येणार आहे."

"बाबा, यू कान्ट इव्हन व्होट," यामिनी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. "वी आर नॉट सिटिझन्स."

"म्हणून तर मी निःपक्षपाती आहे."

प्रचार जोरात झाला. विलासला रिक्षा आणि भोंगा हवा होता. सस्काटूनमध्ये रिक्षा नव्हती आणि भोंग्याला परवानगी नव्हती. मग एर्लिंडाच्या पद्धतीने ठरलं, म्हणजे खाणं. शिफ्ट सुटली की फिलिपिनो कर्मचारी लुम्पियांचे, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्यांचे, डबे घेऊन घरोघर जायचे. गोरे लोक दारात एक लुम्पिया खायचे, दुसरा घ्यायचे आणि म्हणायचे, "गुड फॉर यू!" विलास हे मत पक्कं धरायचा. जयसिंगपुरात मतदार तोंडावर इतका गोड बोलला तर त्याला गाडी पाठवून आणतात.

फलकांची तर कमालच झाली. कुठल्याही फिलिपिनो घरात विचारलं, की लॉनवर फलक लावू का, तर नाही म्हणणं त्यांच्यात बसत नव्हतं. वर आत बोलावून जेवायला वाढायचे. बघता बघता आख्ख्या गल्ल्यांमधून चादरींसमोर हात जोडलेली एर्लिंडा उभी राहिली. वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'बस इथे थांबली पाहिजे', खाली तिचं नाव. लॉन मोजून निवडणूक ठरवायची तर समोरचा नगरसेवक डिपॉझिट घालवून बसला असता.

मतदानाच्या आदल्या दिवशी विलासला उगाच शंका आली.

"आते, त्या कोपऱ्यावरचा बेनी सिटिझन आहे ना? त्याच्याकडे पाच फलक आहेत."

"बेनी? नाही, पीआर. कायम राहायची परवानगी आहे, मत नाही."

"त्याच्या शेजारचे?"

"ते वर्क परमिटवर."

"मग सिटिझन कोण आहे?"

एर्लिंडाने विचार केला. "मी आहे," ती म्हणाली. "आणखीही आहेत कुया, पण त्यांची उद्या डबल शिफ्ट आहे."

तीन उमेदवार होते. ती तिसरी आली.

जयसिंगपुरात पडलेला उमेदवार चार दिवस घराबाहेर येत नाही. एर्लिंडा दुसऱ्या दिवशी पान्सितच्या शेवयांचा मोठा ट्रे घेऊन जिंकलेल्या नगरसेवकाकडे गेली. "विजयाच्या पार्टीसाठी केलं होतं," ती त्याला म्हणाली. "पार्टी तुमची आहे." त्याने आभार मानले. ते त्याला चांगलं जमायचं.

नियमाप्रमाणे सगळे फलक काढले. एक निघेना. वृद्धाश्रमाच्या फाटकासमोर, रस्त्याकडेच्या गवतात, जुन्या थांब्याच्या जागी विलासने तो स्वतःच्या हाताने पुरला होता. मांडवाचा खांब पुरतात तसा, खोल खड्डा करून, माती ठोकून आणि माती बसावी म्हणून वरून बादलीभर पाणी ओतून. त्या आठवड्यात थंडीची लाट आली. विलासने खांबाला मिठी मारून ओढलं. मग स्वयंपाकघरातून किटलीभर उकळतं पाणी आणून ओतलं. सकाळपर्यंत त्याचाही बर्फ झाला. खांब आधीपेक्षा पक्का बसला.

"राहू दे कुया," एर्लिंडा म्हणाली. "फलकातल्या तिला तरी कुठे चालायचंय."

पुढे बर्फ चढत गेला. तिचं नाव बुडालं. वर राहिला चेहरा, जोडलेले हात आणि ते वाक्य.

डिसेंबरात त्या बसवर ब्रॅम्प्टनहून आलेला नवा पंजाबी ड्रायव्हर लागला. पहिल्याच सकाळी त्याने फलक वाचला आणि बस थांबवली. मागे सगळे दाराशी येऊन उभे राहिले. त्याने विलासला देशी ओळखून विचारलं, "भाईसाब, ये नया स्टॉप है क्या?"

"अक्टूबर से है," विलास म्हणाला.

"और ये मैडम कौन हैं?"

"ये," विलासने एर्लिंडाकडे बोट दाखवलं.

ड्रायव्हरने एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. महापालिका आता प्रवाशांचे फोटो लावते, हे त्याला आवडलेलं दिसलं. त्याने इतर ड्रायव्हरांना सांगितलं असावं, कारण त्याच्या सुटीच्या दिवशीही बस थांबायची. त्या हिवाळ्यात एर्लिंडाला एकदाही उशीर झाला नाही. सुपरवायझरने तिला 'सुधारणा दिसते' असं सांगितलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि आधी तिचं नाव वर आलं. नाव आलं तसं कुणीतरी तक्रार केली, की निवडणूक होऊन सहा महिने झाले तरी या बाई प्रचार करताहेत. महापालिकेचा नारिंगी जाकीटवाला माणूस ट्रक घेऊन आला. विलास धोबीखान्यातून धावत बाहेर आला. ज्या खांबाशी तो किटली घेऊन झुंजला होता, तो त्या माणसाने एका हाताने उपसला. चिखलातून नुसता चुळुक असा आवाज झाला.

"हवा आहे का तुम्हाला?" त्याने एर्लिंडाला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "जेवलात का?"

तिने त्याला डब्यातला भात दिला. तो ट्रकच्या पायरीवर बसून जेवला. मागे फलक उताणा पडला होता आणि एर्लिंडा आभाळाला नमस्कार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी येताना बस फाटकासमोरून सरळ निघून गेली. पंजाब्याचा मार्ग बदलला होता. स्टिअरिंगवरची बाई म्हणाली, इथे थांबा असल्याची काहीही खूण नाही. एर्लिंडा मॉलपासून गुडघा धरत चालत आली आणि उशिरा पोचली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची सुटी होती. विलास मॉलवरून चिखल तुडवत फाटकाजवळ आला, तर ती खड्ड्याच्या काठावर उभी. जाड कोट आणि लोकरीची टोपी.

"आते, आज तर तुमची सुटी."

"माझी आहे. बाकीच्यांची नाही."

मागून येणारी बस दिसली. आत कामावर येणारे होते, दारापाशी दाटलेले. एर्लिंडाने एक पाय खड्ड्यात रोवला, दुखरा पाय बाहेर ठेवला. टोपी सरळ केली. मग लोकरी हातमोज्यांतले हात जोडले आणि हसली, दात कमी, अगदी कमी.

विलास तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. डब्याची पिशवी खाली ठेवून त्यानेही हात जोडले.

बसचा त्यांच्या बाजूचा, उजवा दिवा लुकलुकायला लागला.