आधी माझ्यावर चालवून दाखवा

मी दिपाच्या टेबलावरचा जुना फोन बोलतोय. जरा हळू बोलतो. घाई असंल तर पलीकडं सुदामचा नवा फोन पडलाय, त्याच्याकडं जा. तो फटाफट बोलतो आन् कामाचं काहीच सांगत न्हाई.

माझं शिक्षण म्हणाल तर एक जीबी. तेवढ्यात माझं भागतं. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत न्हाई, कारण तिथं मला कुणी चालूच केलं नव्हतं. डोळे उघडले ते थेट जवळा बाजारच्या दुकानात. सोयाबीन विकून आलेला एक माणूस मला उलटापालटा करून बघत होता, बैलाचे दात बघावेत तसा. तो पुनमचंद, दिपाचा बाप. "पडला तर फुटंल का?" त्यानं विचारलं. दुकानदार म्हणाला, "अजिबात न्हाई." तांड्यावर पोचायच्या आत मी पडलो आन् फुटलो. कोपऱ्यातली ही चीर तेव्हापासूनची.

पुनमचंदनं मला चांगलं वापरलं. होळीची गाणी भरली. पाण्याच्या मोटारीवर ठेवलं, बैलाच्या शेपटीचा फटका खाऊ दिला. फोनवर ओरडायची त्याला भारी सवय. माणूस औंढ्यात असला तर कमी ओरडायचा, परभणीत असला तर जास्त. पुण्याचा फोन आला की मी आधीच कान मिटून घ्यायचो.

दिपा शाळेतून आली की मला पळवायची. गेम खेळायची कमी आन् हा आतून कसा बनवला असंल म्हणून डोकं खाजवायची जास्त. पुढं घरात नवा फोन आला आन् मला सुयादोऱ्याच्या डब्यात टाकलं. माणसाची हीच खोड. काम असलं की छातीशी, काम सरलं की डब्यात. किती वर्षं तिथं होतो ते मोजलं न्हाई. मोजायला बॅटरी लागते.

मग दिपा कॉम्प्युटर शिकली. वसमतला हळदीच्या गोदामावरची खोली घेतली आन् मामाच्या पोराला, सुदामला, सोबत घेऊन गेम बनवू लागली. सुदाम चित्रं काढतो, दिपा ती हलवते. घरमालक उत्तमरावला अजून वाटतं इथं टायपिंगचा क्लास चालतो. तेव्हा दिपानं मला डब्यातून काढलं, चार्जिंगच्या भोकातली सुई उपटली आन् टेबलावर मांडलं.

या धंद्यात एक रीत आहे. नवा गेम सगळ्यात जुन्या, सगळ्यात मंद फोनवर चालवून बघायचा. त्याच्यावर चालला तर कुठल्याही तांड्यावर चालंल. म्हंजे माझी नोकरीच म्हातारं असण्याची. उद्या तरणा झालो तर घरी बसवतील.

माणसांचं मात्र उलटं आहे. ते मला प्रज्ञेश काका आल्यावर कळलं.

प्रज्ञेश काका वसमतचेच. पुण्यात वीस वर्षं गेम बनवले, पार बटणाच्या फोनापासून. वय सत्तेचाळीस. बाहेरच्या जगात हे काही वय न्हाई, या वयात तर माणूस सरपंचकीला उभा राहतो. पण काका म्हणाले, गेमच्या कंपनीत तिशीला 'सिनिअर' म्हणतात, पस्तिशीला 'सर' म्हणतात आन् चाळिशी ओलांडली की निरोपाचा केक कापतात. यांचाही कापला. मग वर्षभर अर्ज करत बसले. अर्जातली सुरुवातीची दहा वर्षं खोडून टाकली आन् डोक्याला कलप लावला.

दिपानं पहिल्याच दिवशी ओळखलं. "काका, कानामागं राह्यलंय."

काकांनी कानामागं हात फिरवला. बोट काळं झालं. म्हणाले, "मॅडम, ते जरा..."

"मॅडम नका म्हणू, तुमच्या पोरीएवढी आहे मी. महिनाअखेर गेम बाजारात सोडायचाय. या जुन्या फोनवर चालवून द्या, मग कायमचे या."

काका "बरं" म्हणाले आन् जिन्याजवळ जाऊन घरी फोन लावला. "सरिता, लागली नोकरी. व्हय, पक्की!" मी ऐकून राहिलो होतो. म्हटलं, बाबा, पक्कं काहीच न्हाई. तुझी नोकरी माझ्या छातीवर आहे आन् माझ्या छातीचा भरवसा मलाच न्हाई.

गेम चांगला होता. दिपाचे पूर्वज बैलांवर मीठ आन् धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, त्याचाच गेम. आपण पुढं चालायचं, मागं बैल. वाटेत नवे बैल येऊन मिळतात, दमलेले मागं पडतात. नदी ओलांडायची आन् बाजार गाठायचा. सुदामनं बैल असे काढले होते की हात फिरवावासा वाटावा.

पण नदी आली की मी बंद पडायचो. रोज. आधी अंग तापायचं, मग बैल अडखळायचे, मग सगळं काळं.

"फेका हो याला," सुदाम म्हणायचा. "कोण वापरून राहिला असला फोन आता?"

"तुझी आत्या वापरते, माझी आई," दिपा म्हणायची.

"आत्याला आपण नवा घेऊन देऊ. सगळ्या तांड्याला घेऊन देऊ. पण हे भंगार हटवा."

ते पोरगं आहे, त्याचं मी मनावर घेत न्हाई. पण एक दिवस काका मला उचलून म्हणाले, "खरंय. फोनच म्हातारा झालाय."

ऐका! कलप लावणारा मला म्हातारा म्हणतो! रागानं मी तिथंच बंद पडलो. त्या दिवशी गेम चालूसुद्धा नव्हता.

दिवस सरत आले. काका नदी उथळ करून बघायचे, झाडं कमी करून बघायचे. शेवटी तर पाणीच काढलं, कोरडी नदी ठेवली. तरी मी आपला काठावर आडवा. काका डबा उघडायचे आन् भाजी तशीच परत न्यायचे. महिना संपायचा तो शनिवार उजाडला आन् सुदाम बोललाच, "दिपे, जुन्या फोनचं सोड. नव्यावर सोडू गेम. आन् काकांना..." काका समोरच होते म्हणून पुढचं गिळलं.

तेवढ्यात जिन्यावरून ओरडणं आलं. पुनमचंद हळद घेऊन मार्केटला आला होता. मला बघून म्हणाला, "अरे, हा जित्ता आहे?"

"बापू, बघा खेळून," दिपा म्हणाली. काकांचा चेहरा पडला. मालकिणीच्या बापासमोर मी बंद पडणार, हे त्यांना दिसून राहिलं होतं.

पुनमचंदनं मला जुन्या सवयीनं धरलं, अंगठा बराबर चिरेच्या अलीकडं. चालू लागला, सावकाश. थोडं गेला आन् थांबला. मग उलटा फिरला.

"बापू, पुढं जायचंय!" सुदाम ओरडला.

"थांब की. मागचे आले का न्हाई, बघू दे."

महिनाभर तिघांनी गेम चालवला, पण मागं वळून कुणीच बघितलं नव्हतं. गेम पुढं जायचा, तर मागं कोण जातं? पुनमचंद गेला. आन् काय दिसलं? बैल! एकावर एक, एकात एक, शिंगात शिंगं, आभाळापर्यंत बैलांची गंजी. मागं पडलेला एकही बैल गेला नव्हता. सगळे तिथंच उभे होते, आन् त्या सगळ्यांचं ओझं माझ्या एकट्याच्या पाठीवर.

पुनमचंद खूश झाला. "लई जनावर ठेवलंय रे! याला चारा कुठून आणता?"

मग काका म्हणाले, "बैल माझे आहेत."

"म्हंजे?" दिपानं विचारलं.

"आमच्या वेळी फोनात जागाच नसायची. मागं पडलेला बैल तोच फिरवून पुढून आणायचो, नवा म्हणून. इथंही त्याला मागं थांबवायचं मी लिहिलं. पुढून नवे बैल तू सोडतेस. नवा काढू नको, मागचाच घे, हे तुला सांगायचं होतं."

"मग काहून न्हाई सांगितलं?"

काकांनी मान खाली घातली. "आधी वाटलं, तुला माहीत असंल. मग वाटलं, विचारलं तर म्हणशील, म्हाताऱ्याला एवढंही येत न्हाई."

सुदाम फिस्सकन हसला. "वीस वर्षांचा अनुभव, काका!"

"तू गप," दिपा म्हणाली. "काका, हाका मग तुमचे बैल."

काका बसले. मागचा बैल पुढं जोडला. जेवणाच्या आत झालं. मला पुन्हा नदीवर नेलं. पाणीही परत आणलं होतं, चांगलं छातीएवढं. मी गेलो. पलीकडं निघालो. अंग गार! बाजार आला आन् मला खरंच वाटलं, मीठ आपणच वाहून आणलं.

सुदामनं गुपचूप आपल्या फोनवर चालवून बघितला. "आरं," म्हणाला, "माझा पण तापायचा, आता गार आहे. मला वाटलं, उन्हानं." बघा! मार तोही खात होता. पण नवा फोन मुकाट सोसतो. मी बोंबलतो. बोंबलणारा एक तरी घरात लागतो.

काकांनी डबा पिशवीत घातला आन् चपला शोधू लागले.

"कुठं निघाले?" दिपा म्हणाली.

"महिना झाला. चूकही माझीच निघाली."

"सोमवारी या. कलप न लावता या. त्या वासानं माझं डोकं उठून राहिलंय महिनाभर."

काका पुन्हा जिन्याजवळ गेले. "सरिता, लागली नोकरी." पलीकडून काहीतरी आलं. काका म्हणाले, "व्हय गं, तीच. आज पुन्हा लागली."

आता काकांचं डोकं कापसासारखं पांढरं झालंय आन् शोभतंय. माझं म्हणाल तर पाठ फुगलीय, तिला रबर लावलंय, भोकात हळदीची धूळ बसलीय. सुदाम रोज सकाळी फुंकर मारतो. भंगार म्हणायचं सोडलं न्हाई, पण फुंकर मारतो.

मागणं एवढंच. आपल्यातल्या जुन्याला डब्यात टाकू नका. टेबलावर ठेवा, चार्जिंगला लावा, आन् काही नवं केलं तर आधी त्याच्यावर चालवून बघा. तो कुरकुर करंल. करू द्या. काय दुखतंय ते त्या कुरकुरीतच कळतं.

परवा पुनमचंद पुन्हा आला होता. गेम सुटलाय, तांड्यावर सगळे खेळून राहिलेत. सगळं बघून त्यानं एकच खोट काढली, "बैल चालून राहिले, पण घुंगरू काहून वाजत न्हाईत?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. दिपानं बघितलं. सुदामनं बघितलं.

आता घुंगरूसुद्धा! या वयात!

वाजवतो. पण मधून मधून मागं वळून बघत जा, बाबांनो. आन् जरा दम धरा.