हौशी टाकते, रंभा झेलते

“उचल गो रंभे, बोल पडला बघ खाली!”

हौशीची ही हाक अनिताच्या कानात लहानपणापासून राहिली होती. हौशी गावाच्या कडेच्या वस्तीवरची. सापगावात कुठंही हळद असो, गाणं तिनं उचलायचं आणि अनिताच्या आईनं, रंभानं, ते झेलायचं. हळदीच्या गाण्याची रीतच तशी. एक टाकते, दुसरी झेलते. पहिलीचा शेवटचा शब्द हवेत असतानाच दुसरीनं तो तोंडात घ्यायचा, भुईला लागू द्यायचा नाही. रंभा कधी हसण्यात गुंतायची, कधी तिचं लक्ष चुलीवर उतू जाणाऱ्या भाताकडं जायचं, आणि मग ही हाक यायची. हाकेतही राग नसायचा. हाकसुद्धा सुरातच असायची.

रंभाचा एक नेम होता. गाणारणीला तोंडावर बरं म्हणायचं नाही. गळ्याला दृष्ट लागते. हळद उरकून दोघी परतायच्या तेव्हा हौशी हटकून विचारायची, “बरी गायले का गो?” रंभा म्हणायची, “कावळे उडाले नायत, म्हणजे बरी असशील.” की दोघी खदखदून हसायच्या.

शहाण्णव साली भात झोडून झालं, तेव्हा अनिताच्या बाबांनी, धाऊनं, नवा टेपरेकॉर्डर आणला होता. आसनगावच्या कारखान्यात कायम झाल्याचा आनंद होता तो. हौशी कांडायला आली होती. धाऊनं टेप तिच्याजवळ ठेवला आणि म्हणाला, “गा हौशी, जपून ठेवतो.”

“भावजी, मी ह्या डब्यात जाऊन बसले, तर माझ्या घरी भाकऱ्या कोन थापील?”

पण ती गायली. रंभा ओटीच्या त्या टोकाला सूप घेऊन बसली होती, तिथूनच तिनं झेललं. कॅसेटची एक बाजू भरत येईपर्यंत दोघी थांबल्या नाहीत.

पुढच्या वर्षी हौशी भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली आणि तापानं तिकडंच वारली. मागं तिची दोन पोरं, संजू आणि धाकटी रत्ना. त्यानंतर रंभानं गाणं सोडलं. हळदीला जायची, हळद लावायची, आणि कुणी आग्रह केला तर पदर सावरून उठायची. रंभाच्या चुलीवर मात्र तेव्हापासून दोन पोरांचा भात जास्त शिजू लागला. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. भात होता, पोरं जेवायची.

आता, चौदा वर्षांनी, रत्नाचं लग्न डोळखांबकडच्या एका पाड्यावर ठरलं होतं. चैत्र लागला होता. रत्ना ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, “काकी, तू नाय गायलीस तर मी हळद लावून घेनार नाय.”

“मी झेलनारी हाय बाय. टाकनारी गेली. कोनी टाकल्याबिगर काय झेलू, वारा?”

 रत्नाला आईचा चेहरा अंधुकसा आठवायचा, आवाज मुळीच नाही. तिनं नखानं ओटीचं शेण उकरलं आणि उठून गेली. अनितानं ते पाहिलं, आणि त्याच दिवशी धाऊकडून ती कॅसेट मागून घेतली.

अनिता मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासच्या खालीच संजूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सापगावहून जीपनं यायचं, वर जायच्या आधी संजूकडं चहा घ्यायचा, हा रोजचा क्रम. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून झाल्यावर तिनं त्याला बेत सांगितला. घरच्या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी ठेवणारा एक प्रोग्राम करायचा: गाणी, फोटो, हळदीच्या चित्रफिती. कुणाच्या घरी काहीही असो, तो चालला पाहिजे.

“काहीही म्हणजे?” संजूनं विचारलं.

“आमच्याकडं जुना विंडोज. तू व्हायरसला वैतागून दुकानात विंडोज काढून लिनक्स घातलंयस. आणि रत्नाच्या सासरी कॉम्प्युटर नाय, फोन हाय.”

“आन् हळदीच्या दिवशी लाइट नाय,” संजू म्हणाला. “लोडशेडिंग कोनाच्या लग्नाला थांबत नाय. मांडवात फोनच चालेल, बॅटरीच्या स्पीकरवर.”

“म्हणूनच म्हणते. एकच हत्यार असं पायजे, जे तिन्ही ठिकाणी चालेल.”

“म्हणजे कोयत्यानं भात कापायचा, लाकूड फोडायचं आन् दाढीपन करायची.”

“तुझ्या दाढीला कोयताच लागतो.”

असं सुरू झालं. प्रोग्राम लिहायला अनितानं आधी फ्लॅश नावाचं हत्यार घेतलं. त्यात पडदा फार देखणा झाला, हळदीच्या रंगाचा, कडेनं आंब्याची पानं. घरच्या कॉम्प्युटरवर ते बघून धाऊनं चष्मा पुसला. पण संजूच्या फोनवर ते उघडेचना. मग तिनं क्यूटी नावाचं दुसरं हत्यार शिकून घेतलं. ते चपळ निघालं, विंडोजवर आणि लिनक्सवर सारखंच पळायचं, जुन्या कॉम्प्युटरलाही दम लागायचा नाही. पण फोनपाशी येऊन तेही अडलं. ब्राउझरमध्ये करून पाहिलं, तर फोनवर पान दिसलं, आवाज नाही. शेवटी उरलं जावा. दिसायला गबाळं, उघडायला सुस्त. पडद्यावरची बटणं फोनसाठी वेगळी लिहावी लागली, कॉम्प्युटरसाठी वेगळी. पण आतलं काम एकदाच लिहिलं आणि ते तिन्हीकडं चाललं.

संजूच्या फोनमधून हौशीचा आवाज आला तेव्हा संजूच्या हातात कुठल्याशा गिऱ्हाइकाचा उघडा मोबाइल होता. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. गाणं संपेपर्यंत तो काउंटरवरच्या काचेकडं बघत बसला, आणि मग म्हणाला, “चहा सांगू काय अजून एक?” रोजचा तिनं आधीच घेतला होता. तरी म्हणाली, “सांग.”

रविवारी अनितानं घरी ओटीवर फोनमधलं गाणं लावलं. रंभा तांदूळ पाखडत होती.

“आये, ऐकतेस ना?”

“मला काम हाय.”

तिनं मान वर केली नाही. पण अनितानं सूप पाहिलं. हौशीच्या पहिल्या ओळीबरोबर सुपाचे झटके गाण्याच्या ताला-तालानं पडायला लागले. कोंडा उडत होता, दाणे उसळून पुन्हा सुपात सरळ उतरत होते. हौशीनं म्हटलं, “पाच पानांची डहाळी, मांडवदारी बांधिली.” लांबून, जणू शेताच्या पलीकडून, तरुण रंभानं ते उचललं, “बांधिली गो बांधिली, हळद उन्हात वाळिली.” ओटीवरच्या रंभाचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण हलले.

कडवं संपलं. फोननं पुढचं कडवं उघडायला एक क्षण घेतला. सूप थांबलं. दाणे सपाट पडून राहिले. गाणं पुन्हा सुरू झालं, सूप पुन्हा चाललं. पुढच्या सांध्याला पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळेला रंभानं सूप बाजूला ठेवलं आणि गोठ्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अनितानं हे संजूला सांगितलं.

“म्हणजे तुझा प्रोग्राम सुपानं नापास केला?”

“हसू नको. मधी जो क्षण जातो ना, त्यात बोल खाली पडतो. आई झेलायला हात पुढं करते आन् हातात काय येत नाय.”

“मग जावा सोड.”

“सोडून जाऊ कुठं? बाकी कायच फोनवर येत नाय.”

दोघं त्या क्षणाच्या मागं लागले. पुढचं कडवं आधीच उघडून ठेवून पाहिलं. कॉम्प्युटरवर ते जमलं, पण फोनला एका वेळी दोन गाणी धरवेनात. हळद जवळ आली होती. रत्ना रोज संध्याकाळी दारावरून जायची आणि काही विचारायची नाही. तिचं न विचारणंच अनिताला जास्त टोचायचं. काकीनं हळदीला गावं एवढंच त्या पोरीनं मागितलं होतं, आणि ते या एवढ्याशा फटीत अडकून पडलं होतं.

एके दिवशी संजू अनिताच्या कॉम्प्युटरवर कडव्यांची ती लांबलचक रांग बघत बसला होता.

“अनिता, तू हे तुकडे का केलेस गो?”

“कोनाला जे कडवं पायजे ते निवडता यावं म्हणून. सगळ्या प्रोग्रामांत तसंच असतं.”

“हळदीत निवडतं कोन?”

 अनिताचा हात माउसवर तसाच राहिला. हत्यार कोणतं घ्यावं यावर ती इतके दिवस डोकं फोडत होती, आणि कापण्याचं काम तिनं आधीच करून टाकलं होतं. कॅसेटवर सांधा नव्हताच. सांधे तिचे होते.

“अख्खी बाजू एकच ठेवते,” ती म्हणाली. “फोनच्या मेमरी कार्डावरून थेट वाजवायची. कोनाला मधलं कडवं पायजेच असंल तर आत नुसत्या खुणा करते. खुणेवर उडी मारता येईल, कापायला नको.”

“आन् शेवट?”

“कसला शेवट?”

“टेप उतरवलीस तवा शेवटी आई कायतरी बोलत होती. फोनमधी ते नाय.”

अनितानं ते काढलं होतं. गाणं संपल्यावरचं बोलणं, सुपाची फडफड, कोंबडीचं ओरडणं, सगळं खरखर म्हणून साफ केलं होतं. पुरतं ऐकलंही नव्हतं. मूळ रेकॉर्डिंग होतं, त्यातून तिनं ते परत आणलं. दोघांनी कान लावून ऐकलं. संजूनं मग तोंडावरून हात फिरवला.

“गाते ती सगळ्यांची होती,” तो म्हणाला. “बोलते ती आमची. ऱ्हाऊ दे.”

हळदीच्या दिवशी वस्तीवर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता. संजूच्या म्हणण्याप्रमाणे लाइट दुपारीच गेली. रत्ना पाटावर बसली. संजूनं फोन स्पीकरला जोडला आणि स्पीकर मांडवाच्या मेढीला टांगला. रंभा आली ती सूप घेऊनच. सुपात रत्नाच्या ओटीचे तांदूळ होते. बायकांनी जागा करून दिली तरी ती मांडवाच्या कडेला बसली आणि तांदूळ निवडायला लागली.

“आये, लावू?” अनितानं विचारलं.

“लावलं तरी माझे हात काय थांबनार हायत?”

अनितानं बटण दाबलं.

हौशीचा आवाज मांडवात उभा राहिला. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “आगो, हौशी गो!” रत्नाच्या गालाला हळद लावणारा हात थबकला, आणि रत्नानंच तो धरून गालावर टेकवला. ती डोळे मिटून ऐकत होती. आई अशी होती, तर. जराशी घोगरी. शब्दाच्या शेवटाला हसू असलेली.

पहिलं कडवं संपत आलं. अनिता सुपाकडं बघत होती. आता. सांधा यायचा तिथं सांधा आला नाही. हौशीनं पुढची ओळ लगेच टाकली, पुन्हा “बांधिली”वरच संपणारी; तो बोल अजून विरला नव्हता, आणि मांडवाच्या कडेनं एक आवाज वर आला. जाडसर, बरीच वर्षं न वापरलेला, कोनाड्यातल्या भांड्यासारखा किंचित कळकलेला.

“बांधिली गो बांधिली…”

सूप खाली होतं. रंभा गात होती. तरुण रंभा लांबून झेलत होती, आताची जवळून, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले, जशी जुन्या लुगड्यावर नवी घडी बसते. तिसऱ्या कडव्याला बायका मिळाल्या. एका ठिकाणी रंभाचा श्वास तुटला, तर टेपमधल्या रंभानं बोल खाली पडू दिला नाही. अनितानं डोळे पुसले आणि मनातल्या मनात नावं घेतली. टेप आणणारे बाबा. हसत-हसत डब्यात जाऊन बसलेली हौशी. “तुकडे का केलेस” विचारणारा संजू. ते गबाळं, सुस्त जावा. आणि सूपसुद्धा. सगळ्यांचंच देणं तिला एकदम आठवलं, आणि ते फेडायचं नाही, नुसतं बाळगायचं, एवढंच तिला कळलं.

गाणं सरलं. बायका हसायला, नाकं पुसायला लागल्या. संजू फोनकडं गेला, पण त्यानं बंद केला नाही. नुसता जवळ उभा राहिला. स्पीकरमधून कोंबडी ओरडली, सुपाची फडफड आली. आणि मग हौशी बोलली. गाण्यातली नाही, घरातली हौशी.

“बरी गायले का गो रंभे?”

पुढं नुसतं सूप. फड, फड. त्या दिवशी रंभानं ‘कावळे’सुद्धा म्हटलं नव्हतं. यंत्रासमोर काय बोलावं ते न सुचून पाखडतच राहिली होती. खट् करून कॅसेट संपली.

 रत्नानं डोळे उघडले आणि काकीकडं पाहिलं. रंभानं मेढीवरच्या त्या डब्याकडं मान वळवली. पदरानं तोंड पुसलं. 

“आता बोलते गो,” ती म्हणाली. “आता तुझ्या गळ्याला कोनाची दृष्ट लागायची नाय. लय बरी गायलीस, हौशे. त्या दिशीपन, आन् सारा जलमपन. लय बरी गायलीस.”