नागिणीच्या हातची गोळी

एकोणीसशे नव्व्याण्णव साली माझं रक्त माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगात वाहू लागलं. तिचा रक्ताचा कर्करोग औषधांनी जाळून काढला आणि माझ्या मूलपेशी तिला चढवल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? तो विषाणू तिच्या अंगात अजून झोपलाय. प्रतिकारशक्ती आत्ता तान्ह्या बाळाएवढी. ही गोळी चुकली, तर तो नागीण होऊन उठेल."

धाकटीची नणंद खो खो हसली. भाऊ बायकोचं ऐकतो म्हणून लग्नापासून ती धाकटीला नागीणच म्हणायची. "आमच्या नागिणीला आणखी कसली नागीण डसणार?"

मी माझ्या घरी परतले आणि धाकटीच्या घरचा कारभार नणंदेनं हाती घेतला. मळमळतं म्हणून धाकटी कुरकुरली, तर हिनं गोळीच बंद केली. "डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी," असं धडधडीत खोटं सांगून. मेहुणे गप्प. बहिणीपुढे तोंड उघडायची त्यांची टाप नव्हती.

आधी धाकटीच्या कपाळाची आग झाली, मग फोड आले, मग ते डाव्या डोळ्यात उतरले. धाकटी वाचली. डोळा गेला.

रुग्णालयाच्या जिन्यात मी नणंदेला अडवलं. "विचारलं होतंत ना?"

"नशीब तिचं," म्हणाली आणि पर्स सावरत खाली उतरली.

ते दोन शब्द मी जपून ठेवले.

पुढे म्हातारपणी नणंद भावाच्याच दारात आली आणि तिच्या कमरेवर नागीण उठली. धाकटीचा फोन आला. "अक्का, कण्हतायत गं. काय करू?"

"नशीब तिचं, म्हण."

"छे! त्यात काय मजा? तू ये."

मी पोचले, तेव्हा धाकटी गोळी हातात धरून उशाशी उभी होती.

"वन्सं, गोळी कोण देतंय?"

"तू."

"मी कोण?"

नणंदेनं ओठ चावला. कळ आली तशी पुटपुटली, "नागीण."

"मोठ्यानं. अक्काला ऐकू येत नाही."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी कानामागे हात धरला.

फोड सुकले, कळ मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि त्या कळेवरची गोळीही. ती धाकटीनं एकदाही चुकवली नाही, आणि प्रश्नही. मेहुणे आधी गेले, गप्पच. डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन बागकाम करतात. नणंद गेली, तेव्हा मी हळहळले नाही. धाकटी एका डोळ्यानं अजून माझ्याआधी सुईत दोरा ओवते.