एकेचाळीस बैरंग

गोजराबाईंच्या उजव्या अंगठ्यावर एकही रेघ सलग उरली नव्हती. मधला नखाएवढा भाग पार गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या डाव्या बाजूला विळ्याचा एक जुना वण तिरपा गेला होता. पेन्शनीच्या यंत्रावर हा अंगठा ठेवला की ते तीनदा लाल दिवा दाखवायचं आणि चौथ्यांदा बंद पडायचं. पण डाव्या हाताची अनामिका पदराला पुसून, केसांवरून एकदा फिरवून, किंचित उजवीकडे कलती ठेवली, तर चार सेकंदांत हिरवा दिवा लागायचा. केसांतलं तेल कोरड्या कातडीला पुरेसा ओलावा देतं, असं वृषालीचं अनुमान होतं. तिनं ते सहा जणांवर पडताळून पाहिलं होतं आणि पाच जणांच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं.

सहावा गेणबा. त्याला केसच नव्हते.

वृषाली वाकणवाडीची पोस्टमास्तर होती. माले गावाच्या पुढे रस्ता जिथे धरणाच्या बाजूला वळतो, तिथे ही वाडी. पोस्ट म्हणजे बौद्धवस्तीतल्या तिच्या वडिलांच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक वजनकाटा, तारखेचा शिक्का, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली टपालाचं दरपत्रक. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ही पोर खेड्यातल्या पोस्टात शिक्के मारत बसली, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी हळहळ केली होती. आता पाच वर्षांत सगळ्यांची बोटं तिच्या वहीत होती. ‘गोजराबाई: डावी अनामिका, केसांना पुसून.’ ‘गेणबा: भातलावणीत कुठलंच नाही, दिवाळीनंतर उजवी तर्जनी.’ दोनशे बारा माणसं आणि प्रत्येकाचं चालणारं एक बोट.

“लागला बाई हिरवा,” गोजराबाई म्हणाल्या. नोटा त्यांनी कमरेच्या पिशवीत सारल्या, पण उठल्या नाहीत. “पोरी, त्या हिंजवडीवाल्याचं काय केलंस?”

“काय करायचंय, आजी?”

“मला इचारतीस? तुझ्या वयाची व्हते तवा माझी तीन पोरं साळंत जात व्हती.”

हिंजवडीवाला म्हणजे सिद्धांत. कॉलेजात प्रयोगशाळेत तो वृषालीच्या टेबलावर होता. ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत रंग बदलायची वाट पाहायची असायची, त्यात त्याचा नेहमी एक थेंब जास्त पडायचा आणि पाणी भडक गुलाबी व्हायचं. वृषालीचं कधीच चुकलं नाही. आता तो हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा आणि अकराव्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. दर शनिवारी मोटरसायकलवरून वाकणवाडीच्या पोस्टात यायचा, आणि आईला स्पीड पोस्टानं पत्र पाठवायचा. आई पिरंगुटला. म्हणजे हा माणूस आईच्या घरावरून पुढे येऊन तिला पत्र टाकायचा.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं वृषालीला लग्नाचं विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, “आधी आमच्या ऑफिसचं काय ते ठरू दे.”

त्यात खोटं काही नव्हतं. टपालखातं तोट्यात होतं, छोट्या शाखा शेजारच्या शाखांना जोडणार अशी बोलवा होती, आणि पोस्टमास्तरनं शाखेच्या गावातच राहायचं असा नियम होता. शाखा बंद झाली तर ती हिंजवडीला जायला मोकळी होती. शाखा राहिली तर तिला वाकणवाडी सोडता येत नव्हती. तिनं हे दोन रकाने कितीदा मनात मांडले होते. तिसरी शक्यता मात्र कधी मांडलीच नाही: त्यानंच इकडे यावं. लग्न झालं की मुलीनं जायचं, यावर बौद्धवस्तीचं आणि बाकीच्या वाडीचं पूर्वीपासून एकमत होतं. शिवाय तो नाही म्हणाला तर? खात्याच्या निर्णयामागे उभं राहणं सोपं होतं.

“तू अजून ब्युरेट धरूनच बसलीयेस,” सिद्धांत एकदा हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती.

मग पत्र आलं. येत्या शुक्रवारी निरीक्षक साहेब शाखेची पाहणी करणार, सगळी कागदपत्रं तयार ठेवावीत. वृषालीनं ते कुणाला सांगितलं नाही. पण डाक वाटणारे दयानंदकाका ते आधी वाचून बसले होते, त्यामुळे दुपारपर्यंत वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं.

शुक्रवारी जनार्दन साहेब आले. सडपातळ, डबा बरोबर घेऊन हिंडणारे, चेहऱ्यावर बारा शाखांचा थकवा. त्यांनी वह्या मागितल्या, चष्मा पुसला आणि हिशेब तपासायला सुरुवात केली. तेवढ्यात दयानंदकाका पौडच्या मोठ्या पोस्टातून थैली घेऊन आले, आणि त्यांचा चेहरा पाहून वृषालीनं हातातला शिक्का खाली ठेवला.

“बैरंग हायेत,” ते हळूच म्हणाले.

“किती?”

“येकेचाळीस.”

बैरंग म्हणजे तिकीट न लावलेलं पाकीट. ज्याला ते येतं त्यानं दुप्पट पैसे भरून सोडवायचं. वृषालीनं पाच वर्षांत दोनच पाहिली होती. तिनं पाकिटं टेबलावर पसरली. एकेचाळीसच्या एकेचाळीस वाकणवाडीतूनच वाकणवाडीला आलेली. तिला कळू नये म्हणून माल्याच्या टपालपेटीत टाकलेली.

बाहेर ओट्यावर माणसं जमलीच होती. बोलावल्यासारखी. दयानंदकाकांनी नावं पुकारायला सुरुवात केली.

“गेणबा! दहा रुपये काढ.”

“दहा?” गेणबा कडाडला. “धाडलंय कुणी?”

“गोजराआक्कांनी.”

“आरं, ती तर ही काय माझ्या बाजूला हुबी हाय!”

“वाच की मंग,” गोजराबाई म्हणाल्या.

गेणबानं पैसे भरले, पाकीट फाडलं आणि मोठ्यानं वाचलं. “‘गेणबास. तुझा कोंबडा माझ्या परसात येतो. आवर. बाकी क्षेम.’ ह्ये सांगाया दहा रुपये? कुपावरनं रोज फुकाट वराडतीस की!”

“फुकाट वराडते म्हणूनच आयकत न्हाईस. आन् फुकाट बोलून पोस्ट चालल व्हय?”

ओटा खदखदून हसला. वृषालीला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. साहेब उठून दारात आले होते.

“आजी,” त्यांनी विचारलं, “तिकीट का नाही लावलंत?”

गोजराबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “साहेब, तिकीट लावलं तर पोस्टाला पाच मिळत्यात. न्हाई लावलं तर दहा. तुमी म्हणता पोस्ट तोट्यात हाय. मंग शाण्या माणसानं तिकीट कशापायी लावावं?”

साहेबांनी बोटांवर मोजून पाहिलं. “हिशेब बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण आजी, तो दंड असतो.”

“असंना का. आमी भरतोय न्हवं?”

मग साहेब हसले. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग ते ओट्यावर गेणबाच्या शेजारी बसलेच. “एकोणतीस वर्षं नोकरी झाली,” ते डोळे पुसत म्हणाले, “खातं वाचवायचा हा उपाय अजून वरून आला नव्हता.”

चहा झाला. उरलेली पाकिटं सोडवली गेली. कुणी कुणाला उसनी दिलेली कुदळ परत मागितली होती, कुणी पोरीच्या बारशाचं आमंत्रण दिलं होतं, आणि एका पाकिटात नुसताच कोरा कागद होता, कारण पाठवणाऱ्याला काय लिहावं ते सुचलं नव्हतं. साहेब आत येऊन पुन्हा वह्या चाळू लागले. त्यात बोटांची वही त्यांच्या हाती लागली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. गेणबाला बोलावून उजवी तर्जनी यंत्रावर ठेवायला लावली. हिरवा दिवा लागला.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?”

“कुणी नाही, सर. लोकांना तीन-तीन खेपा पडायच्या. नोंद ठेवली तर एकीत काम होतं.”

त्यांनी वही मिटली. “बाई, खोटं सांगत नाही. शाखेवर जितका खर्च होतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी तरी मिळकत दिसावी लागते. तुमची दिसत नाही. एकेचाळीस बैरंगांनीसुद्धा नाही.” त्यांनी वहीवर बोटानं टकटक केलं. “आणि ही माझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवू, तेही कळत नाही.”

शेवटी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. जागा संपली तशी अक्षरं बारीक होत गेली आणि समासात चढली. काय लिहिलं ते वृषालीनं विचारलं नाही. निर्णय वर होईल, असं सांगून साहेब डबा घेऊन गेले.

वरचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत वृषालीनं काटा रोज दोनदा पुसला, आणि सिद्धांतच्या पाचही पत्रांवर शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

उत्तर शनिवारी आलं. सिद्धांत नुकताच हेल्मेट काढून आत येत होता. “आज घोटवड्यावरून पंचावन्न मिनिटं,” तो म्हणाला. दर वेळी तो हिंजवडीहून यायला लागलेली मिनिटं सांगायचा, आणि वृषाली दर वेळी ती ऐकून सोडून द्यायची. तोच दयानंदकाका थैली न उघडताच, हातात एकच पाकीट धरून आले. त्यांच्या मागून गोजराबाई आल्या, गेणबा आला आणि निम्मी वाडी आली.

वृषालीनं पाकीट पट्टीनं सरळ कापलं आणि मोठ्यानं वाचलं. “‘सदर शाखा पुढील आदेश होईपर्यंत आहे त्याच स्थितीत चालू ठेवण्यात यावी. एक वर्षानंतर फेरविचार करण्यात येईल.’”

गेणबा टेबलाजवळ सरकला.

“म्हंजी?” गेणबानं विचारलं. “जगलं का मेलं?”

“दोन्ही नाही,” वृषाली म्हणाली. तिनं कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. तिला एकदम दमल्यासारखं झालं. आणखी एक वर्ष.

दयानंदकाका मात्र पोट धरून हसत होते. “आगं पोरी, माझ्या नेमणुकीचा कागद काढून बघ! ‘तात्पुरती नेमणूक, पुढील आदेश होईपर्यंत.’ येकतीस वर्सं झाली. तो आदेश अजून आला न्हाई. तवर मी लगीन केलं, घर बांधलं, दोन लेकी नांदाया धाडल्या, आन् गुडघं झिजवलं. वाट बघत बसलो आसतो तर?”

“तर आमाला चार घास कमी मिळालं आसतं,” गेणबा म्हणाला. “लेकींच्या लग्नात जिलबी लई झाक व्हती.”

सगळे हसले आणि त्या हसण्यात वृषालीही ओढली गेली. हसता हसता तिला ते स्वच्छ दिसलं. इतके महिने ती ज्या काट्याकडे बघत बसली होती, त्यावर तिला हवी ती खूण कुणी कोरलेलीच नव्हती. खातं कधीच तिच्या वतीनं काही ठरवणार नव्हतं. आणि समोरचा हा माणूस सव्वा वर्ष दर शनिवारी येऊन, इथून रोज कामाला जाता येईल हेच तिला मिनिटांनी सांगत होता.

“बोल की आता,” गोजराबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. “का त्याला बी बैरंग धाडतीस?”

“आक्का, गप्प बस की,” गेणबा म्हणाला आणि स्वतःही गप्प बसला. आतल्या दारात वृषालीची आई पिठाच्या हातांनी येऊन उभी राहिली.

सिद्धांतनं पत्र काट्यावर ठेवलं होतं. वृषालीनं वजन पाहिलं नाही. शिक्का तिनं खाली ठेवला, हात पुसले आणि सगळ्यांदेखत, नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली:

“सिद्धांत, हे ऑफिस राहील की जाईल, मला माहीत नाही. ते ठरायची मी आता वाट बघणार नाही. मला तुझ्याशी लग्न करायचंय. पण मी हिंजवडीला येणार नाही. तूच इथे राहायला ये.”